उमरीचा हिशेब

मराठवाड्यात दरवर्षी १७ सप्टेंबरला ध्वजवंदन होते. हुतात्मा स्मारकावर पुष्पचक्र वाहिले जाते, शाळकरी मुले रांगेत उभी राहून राष्ट्रगीत म्हणतात, दोन-चार भाषणे होतात आणि ऊन चढायच्या आत मैदान रिकामे होते. मुदखेडहून धर्माबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील उमरी या तालुक्याच्या गावीही याहून वेगळे काही घडत नाही. परंतु उमरीला या दिवसाखेरीज आणखी एक तारीख आहे. ती दिनदर्शिकेत छापलेली असते, पण दुसऱ्याच कारणासाठी. ती तारीख म्हणजे ३० जानेवारी.

३० जानेवारी १९४८ रोजी सायंकाळी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. साऱ्या देशाचे लक्ष तिकडे लागले आणि निजामी राजवटीतील एका लहानशा बाजारगावी त्याच दिवशी जे घडले, त्याची वार्ता त्या आकांतात बुडून गेली. विदर्भाच्या हद्दीतील उमरखेडच्या छावणीतून निघालेल्या मुक्तिसैनिकांनी त्या दिवशी उमरीची बँक ताब्यात घेतली आणि सुमारे वीस लाख रुपयांची रोकड घेऊन ते हद्दीपार गेले. साहेबराव बारडकर, आबासाहेब लहानकर, नागनाथ परांजपे, धनजी पुरोहित अशा कार्यकर्त्यांची नावे या मोहिमेशी जोडलेली आहेत. त्या काळच्या वीस लाखांचे मोल आज सांगून कळणार नाही. शस्त्रे, दारूगोळा, छावण्यांतील शिधा आणि घरदार सोडून आलेल्या तरुणांचा निर्वाह यांसाठी पै-पै जमवणाऱ्या चळवळीच्या हाती एका दिवसात एवढी रक्कम आली. लोकांच्या बोलण्यात या घटनेला ‘उमरी बँकेची लूट’ हेच नाव रूढ झाले. परंतु लूट करणारा कधी हिशेब ठेवत नाही. उमरीच्या पैशाचा मात्र हिशेब ठेवला गेला आणि तो पुढे सादरही झाला, ही गोष्ट मराठवाड्यातील जुनी मंडळी अभिमानाने सांगत आली.

आज या घटनेची आठवण काढण्यास कारण आहे. गेल्या काही वर्षांत जगाच्या निरनिराळ्या भागांत युद्धे पेटली आणि त्या युद्धांच्या धगीतच निवडणुकाही झाल्या. चालू युद्धाचा पुरस्कार करीत देशाचे सर्वोच्च पद मागणारा उमेदवार मतदारांसमोर उभा राहतो, तेव्हा तो केवळ मत मागत नसतो. तो दुसऱ्यांच्या मुलांचे प्राण मागत असतो. हा अधिकार कोणास असतो? कोणत्या अटींवर असतो? आणि ज्याच्यापुढे ही मागणी ठेवली जाते, त्या सामान्य कुटुंबाने तिची पारख कशी करावी? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी वॉशिंग्टनला किंवा मॉस्कोला जाण्याची आवश्यकता नाही. ती आपल्याच नांदेड-लातूरच्या मातीत सापडतात.

हैदराबाद संस्थान म्हणजे तेलुगू, मराठी आणि कन्नड भाषकांचा सोळा जिल्ह्यांचा प्रदेश. मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे, म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद, याच संस्थानात होते. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबाद आणि बीदर यांत विभागलेला होता. या प्रदेशात सभा घेण्यास परवानगी लागे. शाळा काढणे, ग्रंथालय चालवणे, हवनकुंड बांधणे अशा साध्या गोष्टीही राजसत्तेच्या संशयास पात्र ठरत. १९३८ साली स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याच्या आतच तिच्यावर बंदी आली. त्याच काळात आर्य समाज आणि हिंदुमहासभा यांनी नागरी व धार्मिक हक्कांसाठी नि:शस्त्र प्रतिकार आरंभिला आणि देशभरातून सत्याग्रहींच्या तुकड्या हैदराबादेत येऊ लागल्या. उदगीरचे वकील भाई श्यामलाल यांचा बीदरच्या तुरुंगात अंत झाला तो याच १९३८ सालात. अशा या संस्थानात राजकीय संघटनेचे अध्यक्षपद ही मिरवण्याची वस्तू नव्हती. ते पद म्हणजे तुरुंगाच्या दाराची किल्लीच होती, आणि ती आतून नव्हे तर बाहेरून फिरवली जाई.

१९४६ च्या जुलैमध्ये स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली आणि संघटनेच्या अध्यक्षपदाची निवडणूक आली. एका बाजूला बुर्गुल रामकृष्णराव होते: विद्वान, बहुभाषी, कायद्याचे जाणकार, वाटाघाटींवर विश्वास असलेले मवाळ नेते. दुसऱ्या बाजूला स्वामी रामानंद तीर्थ होते. मूळचे व्यंकटेश खेडगीकर. कामगार नेते ना. म. जोशी यांचे साहाय्यक म्हणून उमेदवारी केलेले, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईत शिकवलेले, संन्यास घेऊनही समाजाचा संसार अंगावर घेतलेले शिक्षक. निजाम सरकारने देऊ केलेल्या तुटपुंज्या राजकीय सुधारणा पदरात पाडून घेऊन पुढे सरकावे, की त्या झिडकारून जबाबदार राज्यपद्धतीसाठी निर्वाणीचा लढा द्यावा, हा त्या निवडणुकीतील खरा मुद्दा होता. दोन्ही बाजूंना देशभक्त होते, हे विसरता कामा नये. मतदान चुरशीचे झाले आणि लढ्याची भूमिका घेणारे स्वामीजी निवडून आले. मराठवाड्याच्या इतिहासात अध्यक्षपदाचा एक उमेदवार ‘मला निवडाल तर संघर्ष अटळ आहे’ हे गृहीत धरूनच उभा राहिला, आणि ते ओळखूनच लोकांनी त्याला निवडले, असा हा प्रसंग आहे.

याच सुमारास संस्थानातील दुसऱ्या एका संघटनेचे अध्यक्षपदही जहाल हाती गेले होते. लातूरचा वकील कासिम रझवी हा मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष झाला. त्यानेही संघर्षाचीच भाषा केली. रझाकारांच्या टोळ्या उभारल्या, स्वतंत्र हैदराबादच्या घोषणा दिल्या, दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याच्या वल्गना केल्या. गावेच्या गावे उठून वऱ्हाडात, सोलापुरात, बार्शीत आश्रयाला गेली ती याच काळात. या उन्मादाला त्याच्याच समाजातील विवेकी माणसांचा विरोध होता. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू निर्भयपणे मांडली आणि १९४८ च्या ऑगस्टमध्ये रझाकारांनी त्यांची हत्या केली. म्हणजे एकाच संस्थानात, एकाच काळात, दोन अध्यक्ष आपापल्या अनुयायांना लढ्यासाठी हाक देत होते. एक लातूरचा वकील, दुसरा अंबाजोगाईचा संन्यासी. शब्द वरवर सारखे वाटले तरी दोघांच्या हाकेत जमीन-अस्मानाचे अंतर होते. ते अंतर कोठे होते, हे नेमकेपणाने पाहणे हेच या लेखाचे प्रयोजन आहे.

तत्पूर्वी बाहेरच्या जगाकडे एक दृष्टिक्षेप टाकू. १८६४ साली अमेरिकेत यादवी युद्ध ऐन भरात असताना अध्यक्षपदाची निवडणूक झाली. लढाई तीन वर्षे चालली होती, घरोघरी मरणाची वार्ता पोहोचली होती आणि लोक थकले होते. त्या ऑगस्टमध्ये आपण बहुधा पराभूत होणार, असे टिपण अब्राहम लिंकन यांनी स्वत:च लिहून आपल्या मंत्र्यांच्या सह्यांनिशी बंद करून ठेवले होते. युद्ध फसले आहे अशी भूमिका विरोधी पक्षाने जाहीरनाम्यात घेतली होती आणि लिंकन यांच्याच सैन्याचे माजी सरसेनापती मॅक्लेलन हे त्या पक्षाचे उमेदवार होते. निवडणूक पुढे ढकलण्यास लिंकन यांना सबब हवी असती तर ती हाताशी होती. त्यांनी ती वापरली नाही. सप्टेंबरच्या आरंभी अटलांटा पडले, वारे फिरले आणि आघाडीवरच्या सैनिकांनीही मोठ्या संख्येने लिंकन यांनाच मते दिली. अर्थात लिंकन यांच्यावरही एक आक्षेप राहिलाच. त्यांचा थोरला मुलगा रॉबर्ट त्या वेळी हार्वर्डमध्ये शिकत होता. तो सैन्यात दाखल झाला १८६५ मध्ये, युद्ध संपत आल्यावर. ‘आमची मुले तिकडे, तुमचा मुलगा कोठे?’ हा प्रश्न थोरामोठ्यांनाही चुकत नाही.

दुसरे उदाहरण अलीकडचे. २००७ च्या जानेवारीत इराकमध्ये आणखी सैन्य पाठवण्याचा निर्णय अमेरिकेने घेतला, तेव्हा तेथील जनमत युद्धाला विटले होते. अध्यक्षपदाचे इच्छुक जॉन मॅकेन यांनी तरीही त्या निर्णयाची पाठराखण केली आणि निवडणूक हरलो तरी चालेल, युद्ध हरता कामा नये, अशा आशयाची भूमिका उघडपणे मांडली. मॅकेन स्वत: व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षे युद्धकैदी होते आणि त्यांचा एक मुलगा त्या काळात इराकमध्ये मरीन सैनिक म्हणून गेला होता. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये ते ओबामांकडून पराभूत झाले. इराकचे ते युद्ध ज्या शस्त्रसाठ्याच्या नावाने सुरू झाले, तो साठा कधी सापडलाच नाही, हे त्याआधीच जगाला कळून चुकले होते. वैयक्तिक शौर्य निष्कलंक असूनही युद्धाच्या हेतूबद्दलचा प्रश्न अनुत्तरित राहू शकतो, हा या उदाहरणाचा धडा आहे. उमेदवार शूर आहे एवढ्याने युद्ध न्याय्य ठरत नाही. आणि उमेदवार पडला एवढ्याने त्याचा प्रामाणिकपणा खोटा ठरत नाही.

तिसरे उदाहरण रशियाचे. २०२४ च्या मार्चमध्ये युक्रेनवरील आक्रमण चालू असताना तेथे अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि पुतिन यांना सत्त्याऐंशी टक्क्यांहून अधिक मते मिळाल्याचे घोषित करण्यात आले. युद्धाला उघड विरोध करणाऱ्या बोरिस नादेझ्दिन यांचा अर्ज मात्र आधीच फेटाळण्यात आला होता. ज्या निवडणुकीत ‘नको’ म्हणणाऱ्याला उभेच राहू दिले जात नाही, तेथील ‘हो’ला किती किंमत द्यायची, हे सुज्ञांना सांगायला नको.

आपल्याकडेही चालू युद्धाच्या बाजूने प्रचार करणाऱ्या एका अध्यक्षाची परंपरा आहे आणि तिचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९३७ ते १९४२ या काळात हिंदुमहासभेच्या अध्यक्षपदी वर्षामागून वर्षे निवडून आलेले स्वातंत्र्यवीर सावरकर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकीकरणाचा पुरस्कार करीत देशभर दौरे केले. ब्रिटिशांच्या युद्धाला हे साहाय्य आहे, अशी टीका त्यांच्यावर तेव्हाही झाली आणि आजही होते. सावरकरांचा युक्तिवाद असा की, शस्त्रविद्येपासून दूर ठेवलेल्या समाजाच्या हाती शस्त्र येण्याची ही संधी आहे आणि उद्याच्या स्वतंत्र देशाला प्रशिक्षित सैन्य लागणार आहे. त्यांचा युक्तिवाद कोणास पटो वा न पटो, एक गोष्ट निर्विवाद आहे: ही भूमिका त्यांनी मतांसाठी घेतली नव्हती. १९४५-४६ च्या निवडणुकांत महासभेचा जवळजवळ धुव्वा उडाला. लोकप्रियतेच्या प्रवाहाविरुद्ध बोलण्याची किंमत त्यांनी मोजली. जो नेता युद्धाची भाषा करतो, तो त्यातून काय मिळवतो आणि काय गमावतो, हे पाहिल्याखेरीज त्याच्या भाषेचे मोल करता येत नाही.

येथून पुन्हा मराठवाड्याकडे वळू. अध्यक्ष झाल्यावर स्वामीजींनी काय केले? जून १९४७ मध्ये मुशीराबादच्या मैदानावर स्टेट काँग्रेसचे अधिवेशन झाले आणि संस्थानाने भारतीय संघराज्यात सामील व्हावे, अशी नि:संदिग्ध मागणी तेथून करण्यात आली. उद्दिष्ट एका वाक्यात सांगता येत होते: विलीनीकरण आणि लोकांचे राज्य. ते साध्य झाले की लढा संपणार होता. त्यात कोणाचा प्रदेश जिंकायचा नव्हता, कोणत्या समाजाला जमीनदोस्त करायचे नव्हते. ७ ऑगस्टला संस्थानभर ‘भारतीय संघराज्यात सामील व्हा’ दिन पाळला गेला. १५ ऑगस्टच्या पहाटे हैदराबादच्या सुलतान बाजारात स्वामीजींनी तिरंगा फडकवला आणि त्याच दिवशी ते तुरुंगात गेले. नोव्हेंबरअखेर ‘जैसे थे’ करारानंतर सुटका झाली, दिल्लीच्या भेटी झाल्या आणि जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा अटक झाली. उमरीची मोहीम झाली तेव्हा अध्यक्ष तुरुंगात होते. संस्थानाच्या सीमेवर उमरखेड, चांदा, बार्शी, मनमाड, गदग अशा ठिकाणी छावण्या उभ्या होत्या आणि दिगंबरराव बिंदू यांच्या कृती समितीच्या नेतृत्वाखाली लढा चालू होता. सैनिकांना पुढे धाडून सेनापती मागे सुखरूप राहिला, असे येथे झाले नाही. येथे सेनापती सर्वांच्या आधी आत गेला.

या लढ्याला युद्ध म्हणावे की नाही, यावर पंडितांनी वाद घालावा. बिलोलीजवळच्या अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे १९४६ च्या ऑक्टोबरात मारले गेले, कंधारकडच्या कल्हाळीच्या गढीत माणसे लढता लढता पडली, त्यांच्या घरच्यांना हा शब्दच्छल उपयोगाचा नव्हता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना संस्थानात शिरली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. सरकारी दप्तरात या मोहिमेची नोंद ‘पोलीस कारवाई’ अशीच राहिली. नाव काही असो, पाच दिवसांच्या त्या लष्करी कारवाईमागे दहा वर्षांची लोकांची लढाई होती.

आता त्या दोन अध्यक्षांतील अंतर. पहिली कसोटी हिशेबाची. लढा म्हटला की पैसा, शस्त्र आणि अधिकार ही तिन्ही एका हाती येतात आणि तिन्ही माणसाला बिघडवतात. उमरीचे वीस लाख रुपये ज्यांच्या हातांतून गेले, त्यांतील कित्येकांच्या घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत होती. छावणीत अंधार होता, सरकार शत्रूचे होते, विचारणारे कोणी नव्हते. अशा वेळी वहीत आकडा लिहिणारा हात हा बंदूक धरणाऱ्या हाताइतकाच शूर असतो. पैसा शत्रूचा होता, परंतु तो आपला नाही, लोकांचा आहे, ही जाणीव शाबूत होती. रझाकारांनी लोकांकडून जे ओरबाडले, त्याची वही कोणी लिहिली? लढवय्या आणि लुटारू यांच्यातील भेद शस्त्राने ठरत नाही, वहीने ठरतो.

दुसरी कसोटी विजयानंतरच्या वर्तनाची. येथे आम्हास कटू सत्यही लिहिले पाहिजे. १७ सप्टेंबरनंतरच्या काही आठवड्यांत मराठवाड्यातील अनेक गावांत सूडाचा वणवा पेटला आणि रझाकारांशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता, अशा निरपराध मुसलमान कुटुंबांनाही त्याची झळ बसली. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानी झालेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदर यांच्या बरोबर नांदेडही होता. रझाकारांच्या अत्याचारांचा इतिहास आपण सांगतो आणि तो सांगितलाच पाहिजे. परंतु पानसऱ्यांच्या हौतात्म्याने जो लढा पवित्र केला, त्याच्या नावावर निरपराध्याचे रक्त चढवणाऱ्यांनी त्या लढ्याची सेवा केली नाही. सुभेदाराच्या सुनेला सन्मानाने परत पाठवणाऱ्या शिवछत्रपतींची कथा घरोघरी सांगणाऱ्या समाजाला हे कोणी शिकवण्याची गरज पडू नये. स्वत:च्या बाजूचा हिशेब लिहिताना उणे बाजूही लिहावी लागते, नाहीतर ती वही खोटी.

आणि कासिम रझवीचे काय झाले? ज्या तरुणांना त्याने स्वर्गाची स्वप्ने दाखवली, त्यांतील कित्येक मेले, कित्येक तुरुंगात गेले आणि त्यांच्या मागे राहिलेल्या कुटुंबांनी त्याच्या वल्गनांची किंमत मोजली. तो स्वत: शिक्षा भोगून १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. ज्या मातीसाठी मरा असे त्याने इतरांना सांगितले, त्या मातीत तो राहिलाही नाही.

तिसरी कसोटी पदाची. लढा जिंकल्यावर स्वामी रामानंद तीर्थ यांना काय मिळाले? १९५२ च्या निवडणुकीनंतर हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले ते बुर्गुल रामकृष्णराव, म्हणजे अध्यक्षपदाच्या निवडणुकीतील त्यांचे प्रतिस्पर्धी. दिगंबरराव बिंदू त्यांच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री झाले. स्वामीजी दहा वर्षे लोकसभेत बसले, भाषावार प्रांतरचनेसाठी आग्रह धरत राहिले आणि १९५६ साली मराठवाडा मराठी मुलखाला जोडला गेला, तेव्हा ज्या राज्यासाठी ते लढले ते हैदराबाद राज्यच नकाशावरून पुसले गेले. मंत्रिपद त्यांनी घेतले नाही. १९७२ च्या जानेवारीत ते गेले. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे, ही मागाहून झालेली कृतज्ञता होय. ज्याने संघर्षाची हाक देऊन अध्यक्षपद मागितले होते, त्याने संघर्ष संपताच हात झटकून हात जोडले. पदासाठी लढा नव्हता, लढ्यासाठी पद होते, याला याहून मोठा पुरावा कोणता?

या तीन कसोट्या केवळ इतिहासाच्या परीक्षेसाठी नाहीत. आपल्या देशात राष्ट्रपतीची निवड लोक थेट करीत नाहीत, म्हणून युद्धाच्या नावाने मते मागण्याचा मोह आपल्याकडे नाही, असे समजण्याचे कारण नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. संकटकाळी पक्षभेद बाजूला ठेवण्याची ती रीत होती. १९९९ मध्ये कारगिलचे युद्ध झाले तेव्हा एका मताने पडलेले सरकार काळजीवाहू म्हणून कारभार पाहत होते, आणि शस्त्रे थंडावल्यावर दोन महिन्यांत देश मतदानाला सामोरा गेला. त्या प्रचारात सैन्याच्या प्रतिमांचा वापर झाला, त्यावर टीका झाली आणि ती योग्य होती. प्रचारफलकांवर सैनिकांची छायाचित्रे वापरू नयेत, असे निवडणूक आयोगाला २०१९ मध्ये सर्वच पक्षांना पुन्हा बजावावे लागले. कोणत्या पक्षाने हे अधिक केले, याचा वाद घालत बसण्यापेक्षा आपल्या पक्षाने केले तेव्हा आपण गप्प का राहिलो, हा प्रश्न प्रत्येक कार्यकर्त्याने स्वत:ला विचारावा. सैनिक राष्ट्राचा असतो. त्याचे चित्र आपल्या फलकावर लावणारा त्याला पक्षाचा करतो, म्हणजे त्याला लहान करतो.

याचा अर्थ, युद्धाविषयी बोलूच नये असा नाही. शत्रू दारात आला असता शांतीचे पाठ म्हणणारा नेता देशाला बुडवतो, हे आम्ही आजवर सांगत आलो आणि पुढेही सांगू. १९४६ साली निजामाच्या तुटपुंज्या सुधारणांवर समाधान मानले असते, तर मराठवाड्याची पहाट आणखी किती लांबली असती, कोण जाणे. काही वेळा ‘लढले पाहिजे’ असे म्हणणारा उमेदवारच योग्य असतो आणि त्याला निवडून देणे हेच मतदाराचे कर्तव्य असते. परंतु त्याला निवडताना त्याच्यासमोर वही ठेवली पाहिजे. लढा कशासाठी आणि तो कोठे थांबेल? तुझे स्वत:चे काय पणाला लागले आहे? पैशाचा आणि अधिकाराचा हिशेब कोणाला देणार? हरलेल्याशी कसा वागशील? काम संपल्यावर पद सोडशील काय? आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला बोलू देशील काय? या प्रश्नांनी जो चिडतो, तो लढवय्या नव्हे. खऱ्या लढवय्याकडे उत्तरे तयार असतात, कारण ते प्रश्न त्याने रात्री एकट्याने स्वत:ला विचारलेले असतात.

नांदेड-लातूरच्या कित्येक घरांतील तरुण आज सैन्यात आहेत. भल्या पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर भरतीसाठी धावण्याचा सराव करणारी मुले येथे कोणत्याही गावी दिसतात. दूरचित्रवाणीवर युद्धाची चर्चा रंगते, तेव्हा शहरातील दिवाणखान्यात आवेश चढतो. त्या वेळी एखाद्या खेड्यात कोणाची तरी आई देवापुढे दिवा लावून फोनची वाट पाहत असते. आवेश आणि आई यांच्यामध्ये जो सेतू आहे, त्याचे नाव उत्तरदायित्व. मध्यमवर्गीय कुटुंबांनी आपल्या मुलांना शौर्याच्या कथा जरूर सांगाव्यात. परंतु त्या कथांत तलवारीबरोबर वहीही असावी. गनिमाला कोणी मारले हे जसे सांगायचे, तसे बँकेतून आणलेल्या पैशातला एक रुपयाही ज्यांनी घरी नेला नाही, त्यांचेही सांगावे. शाखेवर येणाऱ्या स्वयंसेवकाला हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. तरीही ते पुन:पुन्हा सांगत राहणे हिताचे असते.

मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव होऊन गेला. त्या पिढीचे साक्षीदार आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही उरलेले नाहीत. पुढल्या ३० जानेवारीला उमरीच्या एखाद्या शाळेतील गुरुजींनी मुलांना फळ्यावर दोन ओळी लिहून द्याव्यात: या दिवशी दिल्लीत काय घडले आणि याच दिवशी आपल्या गावात काय घडले. त्यानंतर त्यांना एक गणित घालावे. वीस लाख आले. त्यांतले स्वत:साठी किती ठेवले? मुले शून्य असे उत्तर देतील. ते शून्य म्हणजेच मराठवाड्याच्या लढ्याची शिल्लक आहे. उद्या कोणी युद्धाची हाक देत आपल्या दारी मत मागायला आला, तर त्याची वही याच शिलकेशी पडताळून पाहावी.